हातातलं वजन

झिग्मासच्या पाच पेट्या ऑक्टोबरपासून माझ्याकडे.
सोबत एक वही, आणि वहीत एकच पान लिहिलेलं:
उघडायचं नाही.
मागच्या बाजूने एका हाताने बोटभर उचलायचं.
हात सांगेल.

हात काय सांगेल, ते लिहायचं राहून गेलं होतं.
किंवा अ‍ॅम्ब्युलन्स दारात आली होती.

मी शाळेत स्वयंपाक करते.
दीडशे पोरांच्या बीटाच्या सूपचं पातेलं
भरलंय की अर्धं, हे मला न बघता कळतं.
पण पाइनच्या फळ्यांआड न दिसणारा मध
आणि त्याला बिलगलेला नारळाएवढा जीव,
याचं माप कुठल्या पातेल्यात?

नोव्हेंबरात दारं बारीक केली, उंदरांसाठी जाळी ठोकली.
पहिली जड. दुसरी जड. तिसरी बरी.
चौथी उचलताना हात नको तितका वर गेला.

जानेवारीत मर्किस नदी गोठली.
उणे बावीस. मी गुडघाभर बर्फातून
त्याची रबरी नळी घेऊन गेले,
एक टोक पेटीच्या दारात, एक कानात.
शेजारच्या खोलीत फ्रीज चालू असावा
तशी घरघर. तिसरीपर्यंत तशीच.
चौथीत वाळलेली पानं कुणी पायाने सरकवतंय.
पाचवीत माझ्याच कानातलं रक्त.

फेब्रुवारीत जरा वितळल्यावर पाचवी उघडली.
सगळ्या डोकं खुपसून खणाखणांत, शेपटाकडून बाहेर,
शेवटचा थेंब चाटत असताना थांबलेल्या.
मध चार बोटांवर होता, पुढच्या चौकटीत, मेणाखाली.
त्या थंडीत चार बोटं म्हणजे परगाव.

इथल्या भाषेत गाय मरते त्याला एक शब्द,
माणूस जातो त्याला दुसरा.
मधमाशीला माणसाचा शब्द लावतात.
तोच मी फोनवर वापरला.
पलीकडे अलीतुसच्या इस्पितळात
एका ट्रॉलीचं चाक कुरकुरत लांब गेलं.
मग झिग्मास म्हणाला, "चौकटींवर डाग आहेत?"
"नाहीत."
"मग तो मध चौथीला दे. अगदी जवळ ठेव. चिकटून."

सतरा मार्चला दहा अंश.
चार महिने पोटात दाबून धरलेलं
सगळ्यांनी एकदम हवेत सोडलं,
आणि एल्विराच्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर
पिवळे ठिपके, पिवळे ठिपके.
ती कुंपणापाशी येऊन तोंडाला येईल ते बोलली.
मी हसत होते. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा.

आठवड्याने विलोचे पराग आले,
मागच्या पायांना मोहरीएवढे गोळे.
म्हणजे आत कुणीतरी अंडी घालतंय.
चौथीत मात्र माश्या ओंजळभरच उरल्या.
त्यांना तिसरीत मिसळायचं ठरलं.
आधी एक राणी काढावी लागते.
ती मी काढली. कशी, ते विचारू नका.
मग मध्ये वर्तमानपत्राचं पान, खिळ्याने भोकं पाडलेलं,
वर चौथी, खाली तिसरी:
कागद कुरतडून होईपर्यंत वास एक होतो, म्हणे.
पान निधनवार्तांचं निघालं. हाताला तेच लागलं.
तिसऱ्या दिवशी दारातून
कागदाचा भुगा बाहेर ढकलत होत्या,
एका चिंधीवर कुणाचं तरी अर्धं आडनाव.

एप्रिलच्या शेवटी झिग्मास परतला.
एल्विराच्या गाडीतून त्याला उतरवताना
मी काखेत हात घातला, बोटभर उचललं.

हाताने सांगितलं.

मी काही बोलले नाही. घरात नेलं, खुर्ची दिली,
गेल्या सालची बरणी उघडून पुढ्यात ठेवली.
अगदी जवळ.
तो बोटानेच खाऊ लागला, खिडकीबाहेर बघत.
"चौदा अंश असतील," म्हणाला. "उघडायची का पहिली?"

"सोळा होऊ दे," मी म्हटलं.