कड्यावर बॅटरी

पाटोद्याच्या पुढं डांबर संपतं, मग मुरूम,
मग मुरूमही कंटाळतो.
तिथं एका हिवराखाली बाबा जीप उभी करायचे
आणि म्हणायचे, "आता पाय."

भूमापन खात्यात तीस वर्षं.
साखळी टाकून लोकांच्या बांधांची भांडणं मोजली त्यांनी
आणि सुट्टीत आम्हाला घेऊन जायचे
जिथं कुणाचाच बांध नाही अशा दरीत.
फाल्गुनात. नदी आटल्यावर.
"पाणी असताना नदी कळत नाही," म्हणायचे,
"नुसती वाहते."

पाणी आमच्या पाठीवर.
माणशी चार लिटर.
उत्तरेश्वरनं एकदा त्यातलं तोंडावर मारलं,
तर आईनं घरी परतेपर्यंत त्याला
"राजेसाहेब" म्हणून हाक मारली.

आईला दरी कधीच आवडली नाही.
"दगडंच तर हायेत. आपल्या परसात कमी हायेत का?"
धपाट्यांचं गाठोडं खाली ठेवायची
आणि तंबू सोडून बाहेरच आडवी व्हायची, कातळावर.
दिवसभर तापलेला कातळ रात्री दोनपर्यंत ऊब देतो
हे तिला बाबांच्या आधी कळलं होतं.

बाबा कड्याच्या थरांवर बोट ठेवायचे:
हा एक लाव्हा, हा दुसरा,
मधली तांबडी रेघ म्हणजे थोडी विश्रांती.
थोडी म्हणजे?
"हजारो वर्षं."
उत्तरेश्वर म्हणायचा, आपल्या तहसीलसारखं.

यंदा बाबांच्या दोन्ही गुडघ्यांत स्टील आहे.
डॉक्टरनं उतार मना केला. चढ चालेल म्हणे.
उतरल्याशिवाय चढायचं कसं, हे विचारायला
बाबा परत त्याच्या केबिनमध्ये गेले होते.

म्हणून ते वर राहिले, कड्यावर.
घडीची खुर्ची, घोंगडी, तीन सेलची बॅटरी,
सोबतीला जीपमध्ये मुख्तारभाई.
ठरलं असं: अंधार पडला की आम्ही खालून तीन वेळा, पोचलो.
ते वरून तीन वेळा, दिसलात.
दोन म्हणजे अडचण.
एक म्हणजे चुकून बटण दाबलं.

वाट कुणालाच नीट आठवेना.
उत्तरेश्वरच्या फोनला रेंज नव्हती, मला खात्री नव्हती,
माझी शर्वा पहिल्यांदाच आलेली, तिला बूट चावत होता.
तेव्हा आई पुढं झाली.
पदर खोचून, सीताफळांच्या निष्पर्ण झुडपांतून.
"हितं तुमचे बाबा दर साली घसरायचे,"
आणि तिथून बरोबर एक पाऊल डावीकडं.
"हितं दम खायचे. म्हणायचे, दगड बघतोय."

वीस वर्षं ती दगड बघतच नव्हती.

तळाला वाळू.
साळिंदराचा एक काटा, शर्वानं तो केसांत खोवला.
चूल पेटली. रातवा सुरू झाला,
परातीत गोटी टाकावी तसा.
आम्ही तीन वेळा बॅटरी लावली.
वर काही नाही.
पुन्हा तीन.
आभाळाची चिंचोळी पट्टी, तिच्यात चांदण्या खच्चून,
आणि त्यातली कुठलीच बाबा नाही.

उत्तरेश्वर बूट घालायला लागला.
"बस," आई म्हणाली. "झोपले आसतील.
बॅटरी छातीवर आसंल."
तिनं धपाट्याचा तुकडा मोडला
आणि तो हातातच राहिला.

कातळ गार होत गेला. आधी कडा, मग मधला भाग,
शेवटी फक्त आपल्या अंगाखालचा.

पहाटे चारच्या पुढं कधीतरी
कड्यावर उजेड: एक. दोन. तीन.
मी श्वास सोडला.
मग चौथा.

चारचं काही ठरलं नव्हतं.
मी झोपलेय असं समजून आईनं उशाची बॅटरी घेतली,
बांगड्या कोपराकडं सारल्या, वाजू नयेत म्हणून,
आणि वर धरून, सावकाश,
चार वेळा.

उन्हं चढायच्या आत आम्ही वर पोचलो.
मुख्तारभाईनं चहा ठेवला होता.
शर्वानं खुर्चीपाशी जाऊन विचारलंच,
आजोबा, चार म्हणजे काय?

"मोजायला चुकलो," बाबा म्हणाले.
भूमापन खात्यातला माणूस.

आई तेव्हा दगड बघत होती.