मागची सीट

आवेलिनने काल स्टँडवर चिठ्ठी दिली खिशात.
डोळ्यांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ,
सात तीन नऊ पाच दोन.
"पाठ कर सगुणबाब, बॅज आणखी पाच वर्षं तुझाच."

पाठ केली.
अंघोळ करताना, इन्सुलिन टोचून घेताना,
लहानपणी पावकी-निमकी केली होती तशी.

म्हापशात पायलट होऊन एकतीस वर्षं झाली.
पिवळ्या मडगार्डची ही तिसरी गाडी.
पहिलीला किक होती, दुसरीला कर्ज,
हिला नुसतं बटण. तरीही रात्री
ती स्टँडला लावताना
मणक्यात कुणीतरी अडकित्ता चालवतं.

सोडायचं तर आहेच.
मिलाग्रीसच्या फेस्तानंतर सोडतो म्हटलं,
मग बोडगेश्वराची जत्रा आली, गिऱ्हाइकं आली,
मग मे महिना.
शेवंती आता तारीख विचारत नाही,
फक्त भिंतीवरचं कॅलेंडर बदलते.

हिशेब तिच्या वहीत आहे, किराणाच्या मागच्या पानावर.
पतसंस्थेत दोन लाख चाळीस,
त्यातले हाती किती येतील ते चेअरमनलाच ठाऊक.
सरकारी योजनेचे पैसे, येतात तेव्हा येतात.
धाकटी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला.
थोरला बोटीवर, त्याचं त्याला पुरत नाही.
गोळ्या, सुया, आणि बांबोळीला जायचं-यायचं बसभाडं
(पायलटालाही भाडं पडतं, हसू नका,
भूल दिल्यावर गाडी कोण चालवणार).
खाली तिने एक रेघ ओढली आहे.
रेघेखाली काही लिहिलेलं नाही.

सत्तरीत गेलो तर पुरतील.
ब्याऐंशीपर्यंत टिकलो
तर धाकटीच्या गळ्यात पडेन.
माणूस आपल्याच मरणाशी अशी घासाघीस करतो,
शुक्रवारच्या बाजारात
वालीच्या जुडीसाठी करावी तशी.

आज दुपारी शिवोलीचं भाडं मिळालं, कॉलेजचा पोरगा.
आसगावच्या वळणावर
चुन्याच्या भिंतीसमोर पांढरा बैल उभा होता.
मला फक्त भिंत दिसली.
पोरगा ओरडला म्हणून ब्रेक लागला.
बैलाने शेपटी हलवली तेव्हा कुठे
भिंतीतून बैल सुटा झाला.

पोरगा रागावला नाही. उतरला, म्हणाला,
"अंकल, हांव चलयतां."
मी चावी दिली.
इतक्या सहज दिली की मलाच नवल वाटलं.

माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर
मी पहिल्यांदा बसलो.
हातांचं काय करायचं कळेना.
मांडीवर ठेवले, कॅरिअर धरला,
शेवटी एक त्याच्या खांद्यावर.
इतक्या वर्षांत लोकांनी कुठे ठेवले असतील?
पाटी सांभाळणाऱ्या नुस्तेकान्नीने,
फाईल छातीशी धरलेल्या म्हाताऱ्याने,
गिरीपर्यंत रडत आलेल्या त्या बाईने,
जिचा चेहरा मला आठवत नाही,
नुसती पाठीला ओली झालेली बुशकोट आठवते.

मागून रस्ता दिसत नाही, कडा दिसतात.
कुणाचं तरी फाटक, वाळत घातलेल्या मिरच्या,
शेतात एकटाच उभा राहिलेला बगळा.
हे सगळं इथेच होतं तर.

शिवोलीला उतरून त्याने नोट पुढे केली.
कुणी कुणाला द्यायचं, क्षणभर कळेना.
घेतली.
धाकटीची फी आहे.

उद्या दहा वाजता तपासणी.
घामाने चिठ्ठीवरचे आकडे पुसून गेलेत,
फेकून द्यायलाही काही उरलेलं नाही.
पण ते आता पाठ आहेत,
हीच तर पंचाईत.