निवड यादी

एक्केचाळीस वर्षांची बाई मी,
वसतिगृहाच्या कोठीखोलीत तुरीच्या पोत्याला टेकून
चौदा वर्षांच्या पोरींसाठी लिहिलेली पुस्तकं वाचते.
वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर.
वॉर्डनबाईंना वाटतं, साठा रजिस्टर आहे.

बाहेर सेहेचाळीस. कूलरचे तुषार पानावर उडतात.
पुस्तकातल्या राज्याचा उन्हाळा
एका चेटकिणीनं चोरून नेलाय, लोक रडताहेत.
मी म्हणते, बाई,
एकदा सिंदेवाहीकडून चक्कर मार,
आमचाही ने.

या पुस्तकांत जंगलात जायची मनाई असते.
वेशीवर कुणीतरी म्हातारा बजावतो, आत जाऊ नका;
तिसऱ्या प्रकरणात पोरं आत जातातच.
आमच्याकडे वनरक्षक बजावायचा, भोंगा लावून,
आणि पहाटे चारला आई टोपली घेऊन निघायची.
मोहफूल काही कुणाची परवानगी घेऊन गळत नाही.
तिथल्या पोरींना तलवारी मिळतात.
आईला वनखात्याचा मुखवटा मिळाला होता,
डोक्यामागं बांधायचा,
म्हणजे वाघाला वाटावं, बाई आपल्याकडेच बघतेय.
ती वाकून फुलं वेचायची
आणि तो गुलाबी, मिशीवाला पुरुष
झाडांच्या शेंड्यांकडे बघत हसत राहायचा.
असलं मी अजून कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही.

पहिलं पुस्तक सुकेशनीनं आणलं.
तशी गोष्ट निवडलेल्या मुलीचीच असते नेहमी:
तिच्या जन्माच्या रात्री एक चंद्र जास्तीचा उगवतो,
किंवा नदी तिला नावानं हाक मारते.
आमच्या वेळी शाळेच्या भिंतीवर
नवोदयची यादी लागली होती, खळीनं चिकटवलेली.
तिचा नंबर होता.
माझा नव्हता. मी खालून वर पण वाचून पाहिली.

मग एसटी, पत्र्याची पेटी, मागच्या काचेतून हात,
आणि पुढची सगळी प्रकरणं
त्याच गाडीत बसून गेली.
धुळीत उभी राहिलेली जी मैत्रीण,
तिच्यावर लेखक फार तर अर्धी ओळ खर्च करतो.

दिवाळीत ती आली तेव्हा ते पुस्तक तिच्याकडे होतं,
शेवटची अकरा पानं वाळवीनं खाल्लेलं.
बोडीच्या पाळीवर बसून आम्ही शेवट ठरवत होतो.
ती म्हणाली, राणी होते.
मी म्हटलं, घरी येते.
"काहून येईन वापस?" ती पटकन बोलून गेली,
मग बराच वेळ शिंगाडे सोलत राहिली.
मला एकटीला दिले सगळे.

परवा हैदराबादहून तिचा मेसेज आला.
अख्खी प्रत सापडली म्हणे, जुन्या बाजारात.
अकरा फोटो पाठवलेत.
मोबाइलवर अकरा धूसर चौकोन, मधोमध बाण.
रेंज आहे. मी दाबलेला नाही.

मनिता कुळमेथे, सातवी ब,
माझ्या कव्हरचं गुपित हिनंच फोडलं.
आता रोज जेवणाआधी कोठीत येऊन बसते, गोष्ट ऐकते.
आज विचारलंन, "मावशी, ते पोट्टी शेवटी वापस येते का?"

मी तिच्याकडे सूप सरकवलं.
म्हटलं, थांब,
आधी तांदूळ निवडू.
तिला खडे माझ्याआधी दिसतात.