बेचाळीस मिनिटं

भुसावळात अशी यंत्रं दोनच.
एक केळीच्या वखारीत हिशेब लिहिणाऱ्या हेमराज भारंबेचं,
काळं, जाडसर;
दुसरं लोको शेडच्या नसीर तडवीचं,
वजनाला निम्मं.
दोन्ही उघडतात माझ्याच काउंटरवर,
जामनेर रोडला, जिना चढून.

बाकी गावाला मोबाईल पुरतो.
ह्यांना तळहातावर अख्खा संगणक हवा
आणि समोर हरायला कुणीतरी.

मे महिना. सत्तेचाळीस.
हेमराजचा पंखा गिरणीसारखा घरघरतो,
नसीरचा पडदा न विचारता मंद होतो.
"वखारीच्या थंड खोलीत माझं तीन तास चालतं, भो."
"मग तिथंच पिकव त्याला."
शर्यत लावली: एकच खेळ, कूलर बंद.
बेचाळीस मिनिटांत नसीरचं विझलं.
तेवढ्यात लाइटही गेली,
आणि हेमराजच्या घामेजल्या तोंडावर
एकट्याचा निळा उजेड राहिला.
कुणी काही बोललं नाही.

तिसऱ्या कंपनीचं दिवाळीत येतंय.
त्याला मात्र दोघं एका सुरात शिव्या देतात.

एक सांगितलं नाही त्यांना.
नसीरची डावी दांडी आपोआप सरकायची,
खेळातला माणूस उभ्या उभ्या भिंतीत शिरायचा.
सुटा भाग महिनाभर येईना.
शेवटी हेमराजने टाकून दिलेल्या जुन्या बोर्डातून
एक काढली, घासली, बसवली.
चपखल.
परवा अंगठा फिरवत नसीर म्हणाला,
"अशी पकड त्याच्या डब्यात कुठं!"
हेमराज शेजारीच, पाठमोरा, चहा सांगत होता.
मी डबीत स्क्रू शोधत राहिलो.