अर्थिंग

गाडीसोबत चार्जर फुकट, असं शोरूमवाला म्हणाला
आणि पेढ्यांचा डबा हातात दिला.
फुकट म्हणजे पंधरा मीटर केबलपर्यंत.
फुकट म्हणजे कंपनीनं ज्या एजन्सीला ठेका दिला
त्या एजन्सीनं ज्या माणसाला ठेका दिला
तो माणूस रिकामा असेल त्या दिवशी.

आधी एक पोरगा आला, मीटरचे फोटो काढले,
एक माझाही, मीटरशेजारी उभं करून,
आणि गेला. संध्याकाळी मेसेज:
जागा तयार नाही.
जागा तर इथंच आहे, मी पुण्याच्या बाईंना फोनवर म्हटलं,
तीस बाय पन्नास, नरेंद्रनगर, सदतीस वर्षं झाली.
त्या म्हणाल्या, मॅडम, तुमचा लोड कमी आहे.

मंजूर भार दोन किलोवॅट,
पुंडलिक नारायण खोब्रागडे यांच्या नावे,
जे अकरा वर्षांपूर्वी गेले
आणि दर महिन्याला बिल भरतात.

बाबा मीटरच्या चाकाकडे असे बघायचे
जसं तापानं फणफणलेल्या लेकराकडे बघावं.
"पाय फुटले का त्याले? पळूनच राहिलं नुसतं."
कूलर रात्री दहानंतर. इस्त्री रविवारी.
आता त्यांच्याच मीटरवर वाढीव भार मागायचा
एका गाडीसाठी, जी रात्रभर पीत बसणार.
मृत्यूचा दाखला, भावाची ना-हरकत, पाचशेचा स्टॅम्पपेपर.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, इथं सही ग्राहकाचीच लागते.
मग तिनंच वर पाहिलं,
"सॉरी. तुमची करा."

मे महिन्यात उईके आला, देवानंद उईके,
ठेक्याच्या ठेक्यातला.
डोक्याला ओला दुपट्टा, स्कूटरवर पायांशी ड्रिल,
तांब्याची प्लेट, मिठाचं पोतं, कोळसा.
सेहेचाळीस पॉइंट दोन.
मी ताक दिलं. त्यानं विचारलं, खड्डा कुठं घेऊ?
मी कंपाउंडचा तो कोपरा दाखवला
जिथं कधी काही उगवलं नाही.

तीन फुटांवर पहार वाजली.
लोखंडी पाईप, भोवती कोळसा,
काळाभोर, चिकटून बसलेला.
उईकेनं मशीन लावलं, आकडा बघितला,
पुसून परत लावलं.
"हे कोणं केलं जी? माह्या प्लेटीपेक्षा चांगलं हाये."

तेव्हा मला बादली आठवली.
उन्हाळ्यात रोज संध्याकाळी
बाबा त्या कोपऱ्यात धुण्याचं उरलेलं पाणी ओतायचे.
मोगरा वाळायचा, कढीपत्ता वाळायचा,
हे आपले उघड्या मातीला पाणी घालायचे.
आई म्हणायची, काय पेरलंय, पैसे?
आम्ही हसायचो. ते उत्तर द्यायचे नाहीत.
पोस्टात सॉर्टर होते, वायरमन नव्हते.
कुणाला विचारून केलं असेल,
कुठल्या रविवारी.

फॉर्मवर जुन्या अर्थिंगचा रकाना नाही.
खड्ड्याचा फोटो, मिठाचा फोटो,
दोन्ही असले तर उईकेचं बिल निघतं.
त्यानं दोन हात सोडून दुसरा खड्डा खणला
आणि पाईपावर माती परत लोटली,
पायानं नाही, हातानं.
केबल भरली बावीस मीटर.
सात मीटरचे पैसे मी दिले.

रात्री गाडी लागली. हिरवा दिवा.
गच्चीवरून कोराडीकडचं आभाळ मळकट दिसत होतं.
मोबाईलनं विचारलं, बसवणीला किती तारे?
मी पोर्चचा लाईट बंद केला. सवय.

आता रोज सहा वाजता दोन बादल्या नेते.
जुन्यावर घर आहे, नव्यावर गाडी.
भिंतीपलीकडून सावरबांधे काकू डोकावतात,
"काय लावलं व बाई तिथं?"
काही नाही, मी म्हणते
आणि दुसरी बादली पालथी करते.