कोसोचा दिवस

दर दोन महिन्यांनी बाप कोसो प्यायचा.

आदल्या रात्री आई फुलं कुटायची,
सुकली तरी तांबूस राहिलेली, मादी झाडाची.
नराच्या फुलांना ती हात लावायची नाही.
ती नुसती शोभेची, म्हणायची
आणि बापाकडे बघायची.

भुगा भिजत पडायचा,
घरभर ओल्या गोणपाटाचा कडवट वास.
पहाटे, देबार्कच्या हाडं कुरतडणाऱ्या गारठ्यात
शिंगाचा पेला दोन्ही हातांनी धरून
डोळे मिटून
तो एका दमात रिता करायचा.
मग अंगावर जाडी चादर, भिंतीकडे तोंड.

उन्हं चढेस्तोवर आतड्याला पीळ,
जिभेचं लाकूड,
कधी दोनदा ओकारी, कधी सातदा.
दुपारी काठी टेकत जवाच्या शेताआड जायचा
आणि परतताना चेहऱ्यावर
कोर्टातून निर्दोष सुटल्याचा भाव.
सणाला पुन्हा कच्चं मांस, तिखटात बुडवून.
त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही.

त्या दिवशी दारात कोणी आलं
की आई एवढंच म्हणे,
"आज कोसो घेतलाय त्यांनी."
सारा मागणारा माघारी फिरे,
सोयरीक घेऊन आलेला माघारी फिरे,
बांधावरून भांडणारा गेब्रेयस काका तर
आवाज खाली आणून विचारी, "फार त्रास आहे का?"

अस्कले आत्याने मात्र
एका मुठीऐवजी तीन भिजवल्या.
मागच्या खेपेला डोकं आत राहिलं, म्हणाली.
जंताचं डोकं राहिलं की तो पुन्हा वाढतो,
हे आत्याचं बरोबर होतं.
चौथ्या दिवशी तिने विचारलं,
"येशी, दिवा का नाही लावलास?"
दिवा माझ्या हातात होता.

म्हणून मी सिस्टर झाले,
असं मुलाखतीत सांगितलं.
पगाराचंही कारण होतं.

पहिल्या पगाराच्या महिन्यात मी घरी
चार पिवळट गोळ्या आणल्या.
उपाशीपोटी, चावून, मग पाणी.
बापाने चावल्या. जरा मळमळलं.
दहा वाजता उठून त्याने बैल सोडले.
संध्याकाळी मला विचारलं,
"मेला कशावरून? प्रेत कुठाय?"
"विरघळला. आतल्या आत."
"म्हणजे अजून माझ्यातच आहे."
नर्सिंगच्या तीन वर्षांत
याचं उत्तर कोणी शिकवलं नव्हतं.

मग गेब्रेयस काका आला.
"घरात आहे का?"
आई म्हणाली, "आहेत."
आणि बांधाचं भांडण, जे नऊ वर्षं
कोसोच्या दिवसांमधून वाट काढत चाललं होतं,
ते त्या आठवड्यात काठ्यांवर आलं.

रात्री बाप म्हणाला, तो कागद वाच.
खोक्यातली घडी उलगडून मी वाचलं:
मळमळ. पोटात दुखणं.
डोकं हलकं होणं. क्वचित अंगाला खाज.
"एवढंच?"
"एवढंच."
त्याने कपाळाची पट्टी चाचपली.
"दिवसभर कोणाशी बोलवत नाही,
असं काही लिहिलेलं नाही?"

मी कागद उलटला.
मागे तेच होतं, दुसऱ्या भाषेत.

आत्याला विचारावंसं वाटलं,
पण ती चुलीशी बसून
बोटांनी डाळ निवडत होती,
एकही खडा न चुकता.
तिच्यासमोर कोसोची बाजू घ्यायला
माझी जीभ रेटली नाही.

परवा सकाळी काका पुन्हा दारात.
आईच्या आधी मी उठले,
गळ्यात सरकारी ओळखपत्र तसंच.
म्हणाले, "आज औषध घेतलंय त्यांनी."
"कोसो?"
"त्याहून कडक."
त्याने टोपी काढली, आवाज खाली आणला.

आत बाप भिंतीकडे तोंड करून पडला होता.
पोटात काही नव्हतं,
सकाळची कॉफीसुद्धा नाही.
माझ्या पावलांनी त्याने कूस बदलली नाही.
नाडी बघायला गेले
आणि हात मागे घेतला.