पुनवेची कुर्ली

आधी मी काजू सोलायचे.
भाजलेल्या गराची तांबडी साल नखाने अशी काढायची
की गर अख्खा राहिला पाहिजे.
अख्ख्याचा भाव वेगळा, पाकळीचा वेगळा,
कणीचं तर विचारूच नका.
कारखाना बंद पडून चार वर्षं झाली,
बोटांवरचा चिकाचा काळेपणा अजून आहे.

आता याच बोटांनी फुगे वळते.
लांबट, पडवळासारखे. शंभराचं पाकीट येतं.

फुगा शेवटपर्यंत भरायचा नसतो,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
चार बोटं शेपूट रिकामं ठेवायचं.
प्रत्येक पिळाला हवा थोडी मागे सरते,
तिला जायला जागा लागते.
जागा नसली की फट्.
पहिल्या महिन्यात एवढे फट् झाले
की शेजारचा बाबल कुंपणावरून म्हणाला,
"तुझी दिवाळी सपली नाय काय गे?"

पीळ एकाच बाजूला घालायचा.
एक इकडे, एक तिकडे घातला
की मुलाच्या हातात जाऊन कुत्र्याचा पाय सरळ होतो
आणि मूल कुत्र्याकडे नाही, माझ्याकडे बघतं.
खाऱ्या वाऱ्यात रबर लवकर म्हातारं होतं,
म्हणून पाकिटं तांदळाच्या डब्यात.
सागरेश्वरला सुरूच्या बनाखाली उभं राहायचं नाही.
तिथली एकूण एक काडी माझ्या वाईटावर टपलेली.

मे महिन्यात कुत्रा, तलवार, फूल.
कुत्रा, तलवार, फूल.
एका रविवारी एकेचाळीस कुत्रे वळले.
हात चालत होते, मी घरी रॉकेल आहे का आठवत होते.

मग नवाबागेतला यज्ञेश आला, नाक ओढत.
"माका कुर्ली होयी."

केली. नारिंगी फुगे, घाईघाईत.
त्याची आजी, कुबलांची द्रुपदी,
मासळीची रिकामी पाटी काखेत धरून उभी होती.
"पाय किती केलंस?"
आठ, म्हटलं.
"धा असतत, डेंगे धरून.
आनि ही चलतली खंय? फुडे?
फुडे चलता ती कुर्ली न्हय, ती म्हस."
पैसे दिले तिने. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बंदरावरून एक जिवंत कुर्ली आणली
आणि घमेल्यात सोडली.
सासूने वाटप वाटून ठेवलेलं.
"आज नको," म्हटलं, "आज बघायची आहे."
दोन दिवस बघितली.
पाय अंगाखालून फुटतात, कडेने नाही.
एक डेंगा मोठा, एक लहान.
मी दोन्ही सारखे करत होते,
सुबक दिसावं म्हणून.
तिसऱ्या दिवशी सासूने काही विचारलं नाही,
आमटी चांगली झाली होती.

किती फुटल्या, मोजलं नाही.
पायाचा सांधा म्हणजे चिमटीएवढा फुगा,
स्वतःभोवती दोनदा फिरवलेला,
आणि तिथे अंगठ्याने नुसतं असायचं, दाबायचं नाही.
गराची साल काढताना असायचे तशी.
ते बोटांना माहीत होतं,
मीच त्यांना उगीच नवीन शिकवत बसले होते.

जत्रेच्या रात्री, दशावतारवाल्यांचा पेटारा उघडायच्या आधी,
द्रुपदी आली. नातू खाजं खात होता.
मी दहा पायांची कुर्ली पुढे केली.
तिने ती बाजारात घेतात तशी घेतली.
उलटी केली. बल्बाखाली धरली.
पोटावर अंगठा दाबून पाहिला,
माझा श्वास माझ्याच शेपटात जाऊन बसला.

"पोकळ आसा," म्हणाली.
थांबली.
"पुनवेची दिसता."

मग, "कितीक?"
तीस.
"पुनवेच्या कुर्लेक तीस? ईस घे."
वीसला दिली.

लहान डेंग्याचा पीळ जरा ढिला राहिला होता.
तिने बघितलं होतं. बोलली नाही.